मोरीचं टेंडर

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबा,

हे सगळं खरं तर फोनवर सांगणार होते. पण फोनवर बाबा दुसऱ्याच वाक्याला "आधी ठेकेदाराला उचल किती दिलीस ते सांग" म्हणून मध्ये पडतात आणि विषय वाळूच्या भावावर जातो. म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. बाबांनी लाल पेन हातात घेऊन वाचलं तरी चालेल. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेला ओव्हरसियर कागद दुसऱ्या कशाने वाचणार?

तर आईची मोरी. मागच्या खेपेला आई, तू टबाचा गुडघाभर उंच कठडा ओलांडून आत जायचीस, तेव्हा बाहेर मी आणि तुमचे जावई देवाचं नाव घेत उभे असायचो. यंदा तुम्ही यायच्या आत टब काढून टाकायचा, जमीन सपाट करायची, बसायला बाक, धरायला दांडा, आणि तुझ्या अटीप्रमाणे बादली भरायला खाली एक नळ, असं ठरवलं. इथे बाथरूममध्ये पाणी जायला जाळी असते ती फक्त टबात. बाकीची जमीन कोरडी राहणार असंच धरून चालतात. हे तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तू पाडव्याच्या आदल्या दिवशी खराटा घेऊन ती अख्खी धुऊन काढलीस. घर लाकडी, वर बाथरूम, खाली दिवाणखाना. छतावर उमटलेल्या डागाला नातू अजून ऑस्ट्रेलिया म्हणतो. डागही याच कामात पुसला जाईल. नातू मात्र हळहळतोय.

आता माणूस कसा शोधायचा? बाबा मिस्त्रीच्या ओळंब्याच्या दोरीकडे बघून माणूस ओळखतात. इथे सगळेच हसतमुख, सगळ्यांचे ट्रक चकाचक आणि सगळ्यांचंच "नो प्रॉब्लेम". तोंडावरून कुणी ताकास तूर लागू देत नाही. म्हणून कागद बघायचा.

कॅलिफोर्नियात कंत्राटदारांना परवाने देणारं एक सरकारी मंडळ आहे. मजुरी आणि सामान धरून काम हजार डॉलर किंवा त्यावर गेलं की परवाना हवाच. २०२५ च्या आधी ही मर्यादा ५०० होती. त्याखाली दाराची कडी, गळका नळ अशी किरकोळ कामं हँडीमनने करावीत, तीही एकट्याने आणि नगरपालिकेचं परमिट लागत नसेल तरच. मंडळाच्या संकेतस्थळावर परवान्याचा नंबर टाकला की कुंडली समोर येते. परवाना चालू आहे का, कुठल्या कामाचा आहे, कधी कारवाई झाली होती का, कामगारांचा विमा आहे का, २५,००० डॉलरचा बाँड आहे का. आमच्या लग्नाच्या वेळी तुम्ही जावयांची एवढी चौकशी केली नव्हतीत. असो.

पहिल्या माणसाचा नंबर मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत मिळाला. "अगदी घरचा माणूस, डोळे झाकून दे," असं सांगणाऱ्या वहिनींच्या ताटात तेव्हा चौथा मोदक होता, त्यामुळे मूड उदार असावा. माणूस आला, टबावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, अर्धे पैसे आधी. रोख दिलेत तर सूट. परमिट कशाला, आतलं काम आहे, कोण बघायला येतंय? खालच्या नळाचं सांगितलं तर त्याने समजूतदारपणे विचारलं, "किती मोठा कुत्रा आहे?" आई, इथे असा खाली नळ लावतात तो कुत्र्यांना आंघोळ घालायला. मी त्याला काय उत्तर दिलं ते पत्रात लिहीत नाही.

जावयांनी तिथल्या तिथे त्याच्या कार्डावरचा नंबर टाकला. नाव भलत्याचंच निघालं. तो आधी म्हणाला, पार्टनर आहे. मग म्हणाला, मेहुणा. मग फोन ट्रकमध्ये राहिला म्हणून खाली गेला तो गेलाच. आमचा टेपही त्याच्याबरोबर गेला.

बाबा, आता तुमच्या आवडीचा भाग. घरदुरुस्तीच्या कामाला उचल किती घ्यायची हे इथल्या कायद्यातच लिहिलंय. एकूण रकमेच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे वीस हजारांच्या कामालाही हजारच. पुढचे पैसेसुद्धा झालेल्या कामाच्या आणि आलेल्या सामानाच्या किमतीपेक्षा जास्त मागता येत नाहीत. हे तुमचं रनिंग बिलच की! हा कायदा वाचल्यावर जावई म्हणाले, "सॅक्रमेंटोत बसून हे कुणी लिहिलं? बाबा कधी येऊन गेले तिकडे?"

शिवाय बिनपरवान्याच्या माणसाने काम केलं आणि आपण पैसे दिले नाहीत, तर त्याला मजुरीसाठी कोर्टातही जाता येत नाही. तुम्ही आता काय म्हणणार ते मला इथून ऐकू येतंय. नाही बाबा, "मग तोच बरा" असं नाही.

दुसरा माणूस आला, त्याचा परवाना चोख होता. पण माझ्याकडे एकही कामगार नाही, सबब विमा नको, असं त्याने परवाना मंडळाला लिहून दिलेलं. आणि माप घ्यायला आला तोच तीन पोरं घेऊन. उद्या त्यातलं एखादं आपल्या जिन्यावरून पडलं तर निस्तरायचं कुणी? नमस्कार करून वाटेला लावला.

तिसरे गृहस्थ मूळचे मेक्सिकोचे, वय तुमच्यापेक्षा थोडं कमी. बोलणं मोजकं. खालच्या नळाचं ऐकून हसले नाहीत. त्यांची आजीही बादलीनेच आंघोळ करायची म्हणे. मग त्यांनी विचारलं, आईंची उंची किती? कुठला गुडघा दुखतो? मी म्हटलं, दोन्ही, पण तक्रार डाव्याची जास्त. हे ते लिहून घेत होते! एवढ्यावरच माझा निर्णय झाला होता, पण जावयांना तो एक्सेल शीटमध्ये व्हावा लागतो. दोन दिवसांनी तीन पानी अंदाजपत्रक आलं. त्यात ओळीओळीला सामान, काय करणार, आणि ठळक अक्षरांत काय करणार नाही. विजेचं काम मी करत नाही, त्याला वेगळा परवानेवाला माणूस येईल, असंही लिहिलेलं. "मला हे येत नाही" असं लिहून देणारा मिस्त्री मी तरी पहिल्यांदाच पाहिला. दर तिघांत जास्त होता. तो आम्ही मान्य केला.

करारावर सही केल्यानंतर कामकाजाचे तीन दिवस मन बदलायची मुभा असते. ६५ च्या पुढच्यांना पाच. सही तुमच्याकडून करून घ्यायला हवी होती.

भिंत उघडली तर आत जुने जीआय पाइप, गंजून अर्धे भरलेले, आणि टबाखालचं लाकूड कुजलेलं. आई, ऑस्ट्रेलियाचा सगळा दोष तुझा नव्हता. हे खातं बंद. मिस्त्रींनी फोटो काढले, काम थांबवलं, जादा कामाचा कागद केला, रक्कम लिहिली, आमची सही घेतली आणि मगच पाइपला हात लावला. तुमचा एक्स्ट्रा आयटमच, पण काम होण्याच्या आधी मंजूर झालेला. हे तुम्ही नोकरीत किती वेळा पाहिलंत, ते खरं सांगा.

टाइलवाल्याचं एक निराळंच. कंत्राटदाराने त्याचे पैसे बुडवले तर सातबाऱ्यावर चढतो तसा बोजा आपल्या घरावर चढू शकतो, आपण कंत्राटदाराला सगळे पैसे दिलेले असले तरी. म्हणून शेवटचा चेक देण्याआधी टाइलवाल्याकडून, पैसे मिळाले, आमचा हक्क राहिला नाही, असं लेखी घ्यायचं. मिस्त्रींनी न मागता सांगितलं की ते कागद तेच आणून देतील.

काल नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला. नव्या जमिनीत पाणी भरून ठेवलं होतं. पातळी उतरते का ते त्याने पाहिलं, फुटाला पाव इंच उतार आहे का ते मोजलं, सही केली आणि गेला. चहाला नको म्हणाला. तुम्ही स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचात आणि सकाळी उठून बोट बुडवून बघायचात, ते आठवलं. चहाचं म्हणाल तर मिस्त्री आता रोज दहाच्या ठोक्याला स्वयंपाकघराच्या दारात दिसतात. आलं थोडं जास्त घाला, असंही सुचवून झालंय.

आता मुद्द्याचं. इथली भिंत आतून पोकळ, मधे दर सोळा इंचांवर लाकडी खांब. धरायच्या दांड्याला आतून जाड फळी ठोकावी लागते, नाहीतर दांडा प्लास्टरबोर्डासकट हातात येईल. ती फळी नेमकी कुठे ठोकायची ते मिस्त्रींना भिंत बंद करण्याआधी हवंय. तेव्हा आईला देवघरातल्या लाकडी स्टुलावर बसवा, पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत किती इंच, आणि उठताना तिचा उजवा हात आपोआप जिथे जातो तिथपर्यंत जमिनीपासून किती, ही दोन मापं घ्या. बाकाची उंची इथे १७ ते १९ इंच धरतात, पण मिस्त्री म्हणाले, आईंची द्या. टेप लोखंडी घ्या, शिवणाचा नको. आई, माप घेताना टाचा उचलू नकोस.

शुक्रवारच्या आत कळवा. सोमवारी भिंत बंद होणार आहे.

तुमची,
बेबी