पाव मिलिमीटरचा अभिमान

घरी सर्किट बोर्ड बनवणाऱ्या फलटणकराला दोन गोष्टी जमवाव्या लागतात: तांब्याचा थर चढवलेला बोर्ड आणि इस्त्री. बोर्ड पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो. इस्त्री घरातच असते, पण तिच्यासाठी घरच्यांना एखाद्या लग्नाला पाठवावं लागतं.

गावाला खटपटीचं वावडं नाही. बी. व्ही. निंबकरांनी 1968 साली इथे सुरू केलेल्या ‘नारी’ या शेती संशोधन संस्थेत अनिल राजवंशी फ्लोरिडाहून 1981 साली आले आणि पुढे त्यांनी विजेवर चालणारी सायकलरिक्षाही बनवली. त्यामुळे कुणाच्या खिडकीतून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, तर शेजारी फारसे हलत नाहीत.

वास टोनरचा असतो. लेसर प्रिंटरचा टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकची भुकटी. सर्किट गुळगुळीत कागदावर उलटं छापायचं, तांब्यावर पालथं घालून इस्त्री दाबायची, मग पाण्यात भिजवून कागद सोलायचा. यासाठी दिवाळी अंकातली जाहिरातींची चकचकीत पानं नामी! कथेची पानं मात्र टोनर सोडता सोडत नाहीत. साहित्याची ही उपेक्षा सोनारांच्या जाहिराती निमूट पाहतात.

पाव मिलिमीटरपर्यंतची रेघ इस्त्रीने बरी उतरते. त्याखाली दाब जरा जास्त झाला की शेजारच्या रेघा गळ्यात गळे घालतात. आणि आजकालच्या चिपचे पाय तर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर, म्हणजे रेघ आणि फट दोन्ही तेवढ्यातच बसवायच्या.

म्हणून हौशी माणूस ड्राय फिल्मकडे वळतो. हा पापुद्रा तांब्यावर चिकटवून वर निगेटिव्ह ठेवायची आणि उन्हात धरायचं. फलटणला उन्हाचा तुटवडा कधीच नसतो. ऊन लागलेला भाग घट्ट होतो, उरलेला धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात निघून जातो. कल्पना छापखान्यातली आहे. सिनेमाकडे वळण्याआधी लोणावळ्यात ब्लॉकचा छापखाना चालवणाऱ्या दादासाहेब फाळक्यांना ती नवी वाटली नसती. व्हिएन्नाच्या पॉल आयस्लरने 1936 च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटवर रेडिओ चालवला, तोही छपाईच्या धंद्यात वावरलेला.

शेवटी उघडं राहिलेलं तांबं खाणारं फेरिक क्लोराइड. तांब्याचा थर बहुधा 35 मायक्रॉनचा. द्रावण तो खाली खाता खाता रेघेच्या कडाही कुरतडतं, म्हणून बारीक रेघेला कोमट द्रावण, डबा हलवत राहणं आणि वेळेवर बाहेर काढणं, एवढं पथ्य पाळावंच लागतं. पातेलं मात्र स्टीलचं घेऊ नये. हे द्रावण स्टीललाही सोडत नाही. श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा चालतो. फरशीवर पडलेला तपकिरी डाग मात्र पाहुण्यांना दाखवण्याच्या योग्यतेचा टिकतो.

एक विनंती. वापरलेल्या द्रावणात तांबं विरघळलेलं असतं आणि ते माशांना घातक. हे द्रावण मोरीत ओतू नका. गावच्या बाणगंगा नदीला त्याची गरज नाही. बरणीत झाकून ठेवा, घातक कचरा घेणाऱ्याकडे द्या आणि बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा, नाहीतर कुणीतरी तिला काकवी समजेल.