बाबा, खुर्ची म्हणजे लगेज नव्हे

न्यू जर्सी, रविवार

ती. आईबाबांस,

कुकर लावलाय. शिट्ट्या होईपर्यंत जमेल तेवढं लिहिते, उरलेलं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालून झाल्यावर. आईच्या फोनमागे आत्यानं पाठवलेला बॅटरीच्या स्फोटाचा व्हिडिओ आहे, हे आईनं न सांगताही कळलं. तर ‘जानेवारीत येताना बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची आणू नकोस, विमानतळावर ढकलायची मिळते, पुढे दादा उचलून घेईल’ हा घरचा एकमुखी ठराव मी फेटाळत आहे. कारणांसकट, कारण एसटीच्या आगारात नोकरी केलेल्या माणसाला नुसता नकार चालत नाही.

पहिलं म्हणजे दादा. स्ट्रॉबेरीचे क्रेट उचलताना त्याच्या कंबरेत लचक भरली, हे वहिनीनं मला कळवलंय, तुम्ही लपवलंत. आणि त्याची कंबर शाबूत असती तरी मुद्दा तोच. विमानतळावरची ढकलखुर्ची ही ज्याला थोडं चालता येतं, नीट बसता येतं, त्याला दारापर्यंत पोचवायला असते. बॅटरीच्या खुर्चीची पाठ, बाजूचे आधार, गादी हे सगळं एका माणसाच्या अंगाच्या मापानं केलेलं असतं. पाठ कलवून अंगावरचा भार बदलता आला नाही तर कातडीला जखमा होतात, आणि त्या भरायला महिने लागतात. दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचा म्हटलं तर बाबा वाचतील का?

आता आत्याचा स्फोट. धोका खोटा नाही, लिथियम पेट घेते. म्हणून तर नियम इतके बारीक आहेत. सीलबंद जेलची बॅटरी खुर्चीत पक्की बसवलेली असेल तर ती तिथेच राहते, फक्त खुर्ची चुकून चालू होणार नाही एवढं बघतात. लिथियमची बॅटरी खुर्चीत नीट सुरक्षित असेल तर तीही तशीच जाते. घडीच्या हलक्या खुर्चीची बॅटरी काढावी लागते आणि ती सामानात न टाकता माणसासोबत वर न्यावी लागते, 300 वॉट-अवरपर्यंत. आत्या विचारेल, धोक्याची वस्तू माणसांत कशाला? कारण माणसांत धूर निघाला तर दिसतो आणि विझवता येतो. खाली विमानाच्या पोटात सुटी बॅटरी पेटली तर तिथे हात पोचत नाही. म्हणजे ज्या गोष्टीची आत्याला भीती वाटते, तिचा विचार तिच्याआधी कुणीतरी करून ठेवलाय. हे तिला सांगताना जपून सांगा, तिला आवडणार नाही.

चिडचिड होते ती फॉर्मची. निदान 48 तास आधी कळवायचं: लांबी, रुंदी, उंची, वजन, बॅटरीची जात, कुठलं बटण दाबलं की खुर्ची ढकलता येते. (दादाच्या स्थळाच्या वेळी मुलीकडच्यांनीसुद्धा एवढं विचारलं नव्हतं.) उंचीचं मात्र खरं कारण आहे. बोइंग 737च्या सामानाच्या दाराची उंची 90 सेंटिमीटरच्याही आतच. दीडशे किलोची खुर्ची उभी आत जात नाही, मग तिला आडवी करतात, हाताला किंवा जॉयस्टिकला धरून उचलतात, आणि तिथेच ती मोडते. डिसेंबर 2018 पासून इथल्या विमान कंपन्यांना अशा मोडतोडीचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. 2023 या एका वर्षात मोडलेल्या, हरवलेल्या, उशिरा मिळालेल्या खुर्च्या 11,000 च्या वर. बाबा लगेच गणित करतील की शंभरात एक-दीड, म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव धड पोचल्या, एसटीचा हिशेबही इतका चांगला नसतो. मान्य. पण बॅग फाटली तर माणूस दुसरा शर्ट घेतो. खुर्ची मोडली तर सुटा भाग येईपर्यंत अंथरूण. शिवाय या भीतीनं जे घरातून निघालेच नाहीत, ते कुठल्याच शंभरात नाहीत.

आणि आता किंमत. आई, तू बसून वाच. मापानं केलेली अशी खुर्ची इथे वीस-तीस हजार डॉलरला जाते, म्हणजे रुपयांत वीस-पंचवीस लाख. दारातल्या दोन्ही गाड्या विकून पुढची चाकं येतील. अमेरिकेतल्या अमेरिकेत कंपनीनं ती मोडली तर मूळ खरेदीची किंमत भरून द्यावी लागते. पण तेच विमान मुंबईकडे निघालं की 1999 चा माँट्रियल करार लागू होतो, भारतही 2009 पासून त्यात आहे, आणि खुर्ची एका रात्रीत लगेज होते. लगेजची भरपाई 28 डिसेंबर 2024 पासून वाढवली, तरी 1,519 एसडीआर (करारातलं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. माझं म्हणणं एवढंच आहे, बाबा: अडचण बॅटरीची नाही, खुर्ची कुठल्या रकान्यात लिहितात त्याची आहे. पाय लगेजच्या रकान्यात लिहिले की ते लगेजसारखेच फेकले जातात. करारात एक वाट आहे, निघताना जास्त किमतीची घोषणा करायची, कंपनीनं मागितले तर वर पैसे भरायचे. ती मी करणार आहे. पण पायांसाठी वेगळा भरणा, हे तुम्ही आगारात कुणाला मागितलं असतंत का?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे नियम झाले ना. झाले, आणि ते भांडून मिळाले. 2012 साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या, त्यांना विमानातून उतरवलं. सुप्रीम कोर्टानं मे 2016 मध्ये 10 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. 2022 मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात घेतलं नाही, कंपनीला 5 लाख दंड झाला, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय अपंग प्रवाशाला नाकारायचं नाही असा नियम आला. म्हणजे माणसाची बाजू थोडी सावरली. खुर्ची अजून खालीच.

बसमध्ये खुर्ची जमिनीला आवळतात, तशी विमानात का नाही, हा बाबांचा प्रश्न बिनतोड आहे. विमानाच्या सीटला अपघातात 16 पट गुरुत्वाचा धक्का सोसावा लागतो, ती परीक्षा खुर्चीनंही द्यायला हवी. 2023 मध्ये हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात डेल्टाच्या एका उपकंपनीनं तसा नमुना मांडला: सीट वर उचलायची आणि खाली खुर्ची अडकवायची. तेव्हा हे अशक्य आहे, असं कुणी म्हणू नये.

शिट्ट्या होऊन गेल्या, भात लागलाय बहुतेक.

पुण्याहून घाट चढायला दादाचा पिकअप चालेल, पण आधी धुऊन घ्या. ओट्याच्या पायऱ्यांवर टाकायला जाड, लांब फळी लागेल. आखूड असली की चढ उभा होतो. जानेवारीच मुद्दाम धरलाय. पावसाळ्यात जॉयस्टिकला इरलं शिवावं लागलं असतं. खरं कारण वेगळं आहे. इथे बर्फ गुडघाभर पडतो, पण वेण्णा लेककाठच्या गवतावर पहाटे पांढरं होतं ते बघायचंय. आणि धुरकट कणीस. इथल्या मक्याला साखरेशिवाय काही चव नाही.

नानांनी बंगल्याचा होमस्टे केला, त्याची दारं किती रुंद ठेवली ते विचारा. आणि वहिनीच्या मावसबहिणीची सोयरीक का मोडली, ते तिला वेगळं लिहायला सांग, आई. फोनवर तू ‘मग सांगते’ म्हणतेस तेव्हा आत्या शेजारी बसलेली असते, हे इथपर्यंत कळतं.

तुमची,
धाकटी