पगार म्हणायचं नाही

कॅटला ९९ पर्सेंटाइल पाडून पोरगा आयआयएम अहमदाबादच्या मुलाखतीला बसतो. अंगावर दादाच्या लग्नातला कोट, मांडीवर दहावीपासूनच्या मार्कशीटांची फाइल. पहिला प्रश्न ठरलेला: इंजिनीअर झालास, मग एमबीए कशाला? खरं उत्तर पगार. पण १९६१ पासून देशाला मॅनेजर पुरवणाऱ्या संस्थेत असलं काही बोलणं बरं दिसत नाही. म्हणून तो क्लासच्या मॉक मुलाखतीत घोटलेलं ‘नेतृत्व’ आणि ‘समाजाचं देणं’ धडाधडा म्हणून दाखवतो. प्राध्यापक माना डोलावतात. सकाळपासून देणं फेडायला आलेल्यांची रांगच लागलीये. मग एकजण चष्मा पुसत विचारतो, “छंद वाचन लिहिलाय. सध्या काय वाचताय?” पोराच्या घशाला कोरड पडते. समोर पाण्याचा ग्लास असतो; तो उचलावा की नाही, हे क्लासात सांगितलेलं नसतं.