काठावरचा शिरस्तेदार

केशोरीहून समुद्र गाठावयाचा, तर अरबी असो की बंगालचा उपसागर, शेकडो कोसांची मजल मारणे प्राप्त असल्यामुळे, आरमारी विषयात या गावाचा सल्ला कोणी मागेल अशी शंका येथील मिरचीच्या व्यापाऱ्यांना, धानाच्या अडत्यांना अथवा खुद्द मला आजवर कधी शिवली नव्हती. परंतु नोकरीनिमित्त गोव्यात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने मित्रांच्या भागीदारीत एक जुनी शिडाची नौका खरेदी केली, आणि मामांची मास्तरकी इटियाडोह धरणाच्या पाण्याशेजारी सरली एवढ्याच दाखल्यावर, तिच्या काठावर दोरासाठी कोणते सामान बसवावे याविषयी माझ्याकडे रीतसर अर्ज गुदरला.

या वेडाचे उगमस्थान मला ठाऊक आहे. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि जी मराठी मध्यमवर्गीय महत्त्वाकांक्षा तोवर अष्टविनायकापाशी समाधान पावत असे, ती केप हॉर्नला वळसा घालू लागली. मात्र भाच्याची नौका बहुतेक काळ धक्क्यालाच बांधलेली असते, त्यामुळे शिडापेक्षा दोराचीच चिंता अधिक.

धक्क्यावरून आलेला दोर नौकेवरील क्लीट नामक दोन शिंगांच्या खुंटीला वेढे देऊन बांधतात. परंतु तत्पूर्वी तो काठावरून जातो, आणि तेथे त्यास वळण देण्यासाठी गुळगुळीत कडांचे जे धातूचे कडे बसवतात, ते फेअरलीड. ओढ सोसावी क्लीटने, नौका धरावी धक्क्याने आणि या कड्याने केवळ मार्ग दाखवावा, अशी वहिवाट आहे. जुन्या कचेरीतील शिरस्तेदाराच्या नावे हुकूम एकही निघत नसे, तथापि त्याच्या मेजावरून गेल्यावाचून कोणताही कागद साहेबांपर्यंत पोहोचत नसे. तोच अधिकार या कड्याचा, आणि त्याची कड जर धारदार निघाली तर कागद वाटेतच फाटावयाचा.

समुद्रात ही भीती विशेष, कारण भरती-ओहोटीसरशी नौका अहोरात्र वरखाली होते, दोराचा कोन पालटत राहतो, आणि नायलॉनचा दोर ताणला जाऊन पुनःपुन्हा आखडत असल्याने काठाशी त्याचे घर्षण अखंड चालते. आमच्या इटियाडोहाचा कारभार तुलनेने सुटसुटीत: भरती पावसाळ्यात एकदा, आणि ओहोटी गडचिरोलीच्या धानाला पाणी सोडण्याचा पाटबंधारे खात्याचा हुकूम सुटल्यावर.

भोक पाडण्याचे प्रकरण तर स्वतंत्र मिसलीस पात्र आहे. अनेक आधुनिक नौकांचे तख्त म्हणजे फायबरच्या दोन थरांत कोंडलेले बाल्सा नामक हलके लाकूड. त्यात नुसता स्क्रू पिळला, तर फटीतून पाणी मुरून लाकूड आतल्या आत कुजते, आणि वरून पाहणारास सर्व आलबेल दिसते. म्हणून भोक प्रथम हवे त्याहून मोठे पाडावे, ते इपॉक्सीने बुजवावे, ते कठीण झाल्यावर त्याच जागी नेमक्या मापाचे भोक पुन्हा पाडावे, आरपार बोल्ट घालून खालून धातूची जाड पट्टी द्यावी, आणि फटीत पाणीरोधक लेप भरावा. भोक पाडणे, बुजवणे व पुनश्च पाडणे हा क्रम वाचून माझी खात्री पटली की नौकानयन हे मूलतः शासकीय शास्त्र आहे.

तरीही अनुभवी माणसाचे मत घ्यावे म्हणून मी धरणावर मासे धरणाऱ्या एका वृद्ध ढिवराला गाठले. डोंग्यातले पाणी उपसता उपसता त्याने माझे निवेदन सादर ऐकून घेतले आणि निकाल दिला, "गुरुजी, दोर वढल्यानं नाही तुटत जी, घासल्यानं तुटते. घासते तठी चिंधी बांधा."

हा अभिप्राय मी गोव्यास रवाना केला. भाच्याने कळवले की मामा, कडे बसवले तरी थोर थोर नाविक त्या जागी दोरावर चामडे किंवा आगीच्या बंबाच्या नळीचा तुकडा चढवतातच, आणि अशी खास तयार आवरणे विलायती कॅटलॉगांत विकत मिळतात. ढिवराला हे वर्तमान सांगितले, तेव्हा त्याने उपसणे थांबवून किंमत विचारली. मी सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला.

"आमच्या घरी जुनी लुगडी गंज हायेत," तो म्हणाला, "ते घेतीन का जी?"