हार्ड सीटवाले काकाजी

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या चौकातल्या पानठेल्यावर काकाजी आले, की नवखा माणूस हमखास फसतो.

"सीट धोक्यात आहे," काकाजी गंभीरपणे म्हणतात.

"कोणती जी? आर्वीची का हिंगणघाटची?"

"एक्झॉस्टची!"

पुढचा अर्धा तास त्या माणसाचा खर्रा तोंडातच राहतो.

काकाजींकडे 1972ची मार्क टू अ‍ॅम्बेसेडर आहे आणि एक ज्ञान आहे. गाडी महिन्यातून दोनदा बाहेर पडते, ज्ञान रोज. ते असं: जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. टेट्राएथिल लेड घातलं की इंजिन खडखडत नाही, हे 1921 साली अमेरिकेत थॉमस मिजलीच्या लक्षात आलं. त्यातून एक फुकटचा फायदा झाला. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये गादीसारखा बसू लागला. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह दीड हजार वेळा सीटवर आपटतो. गादी काढली, की तापलेला धातू धातूला चिकटतो, कण कण उपटला जातो आणि व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो. आपल्याकडे बिनशिशाचं पेट्रोल 1995मध्ये चार महानगरांत आलं आणि 1 फेब्रुवारी 2000पासून शिसं देशभर बंद झालं. लहान मुलांच्या मेंदूला ते घातक होतं, हे काकाजींना मान्य आहे. तरी ती तारीख ते घरातल्या श्राद्धाच्या तिथीसारखी सांगतात.

"इलाज एकच. इंजिनाच्या हेडमध्ये खाच पाडायची आन् कडक धातूची रिंग ठोकायची. हार्ड सीट!"

हा इलाज ते भेटेल त्याला सांगतात. एका पद्मिनी गाडीवाल्याला सांगितला. तिचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यात रिंगा कारखान्यातूनच बसवून आलेल्या. एका ट्रॅक्टरवाल्याला सांगितला. डिझेलमध्ये शिसं कधी नव्हतंच. एकदा माझ्या जुन्या चेतक स्कूटरजवळ उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "सीटा बदलल्या का?" मी म्हटलं, "काकाजी, टू-स्ट्रोक आहे. हिला व्हॉल्व्हच नाहीत." बोळक्या तोंडाच्या म्हातारीसमोर चुकून भुईमुगाच्या शेंगा ठेवाव्यात, तसे ते ओशाळले.

खोटं कशाला बोला, अ‍ॅम्बेसेडरचं हेड बिडाचं आणि सीटा त्यातच कोरलेल्या, त्यामुळे ज्ञान स्वतःच्या गाडीपुरतं तरी बरोबर. भरल्या गाडीनिशी रोज नागपूरपर्यंत ऐंशीनं पळवली असती, तर मीही त्यांचीच री ओढली असती. पण गाडीची धाव वर्धा ते सेवाग्राम, आठ किलोमीटर, तीही चाळीसनं. समोर म्हैस दिसली की वीसनं.

गेल्या मे महिन्यात काकाजी रिंगा घेऊनच मिस्त्रीच्या शेडमध्ये शिरले. रिंग गार आणि हेड गरम असेल तरच ती घट्ट बसते, हे कुठंतरी ऐकलेलं. म्हणून रिंगा रात्रभर फ्रीजरमध्ये आमरसाच्या डब्याशेजारी ठेवून, सकाळी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणलेल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

मिस्त्रीनं थर्मासकडे पाहिलंही नाही. इंजिनाचं वरचं झाकण उघडलं, फीलर गेजची पंधरा थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश जाडीची पट्टी निवडून पँटला पुसली आणि रॉकर व व्हॉल्व्हच्या मधल्या फटीत घातली. पट्टी जरा ओढ घेत सरकली. बोनटवर ओणवे झालेले काकाजी श्वास रोखून पाहत होते. दुसरा व्हॉल्व्ह. तिसरा. आठही झाले.

"गॅप पंधराच हाये जी. अकरा वर्षांआधी म्याच लावला होता."

"म्हणजे?"

"व्हॉल्व्ह रुतला असता तं गॅप कमी झाला असता ना! सीटा जशाच्या तशा हायेत. चांगलं हेड कायले फोडाले लावता? खाच जरा खोल गेली तं पान्याच्या जॅकेटात भोक पडते. आन् रिंग ढिली बसून खाली पडली, तं पिस्टनचा चुरा."

"पण पेट्रोलमध्ये शिसं नाही, त्याचं काय?"

मिस्त्रीनं हात पुसले. "मंग पेट्रोलच सोडा. आपल्या जमनालालजी बजाजांनं फोर्ड गाडीले बैल जुपले होते म्हन्तेत, 'ऑक्सफर्ड' म्हनत तिले. तुमी बी जुपा. सीट घासाचा प्रश्नच नाही."

शेडमधली पोरं फिदीफिदी हसली. काकाजी हसले नाहीत. थर्मासचं झाकण घट्ट करत ते बराच वेळ विचारात उभे होते.

"बैलाले नाल ठोकतात ना रे?" त्यांनी शेवटी विचारलं. "ती हार्ड असते का साधी?"