पोट्ट्यांनो खाली उतरा, आम्हाला चढायचंय!

किल्ल्यावर गेलेल्या कुटुंबातला सगळ्यात समजूतदार माणूस ओळखायचा असेल तर उंची पाहावी. जो सगळ्यात बुटका, तोच. मामाजी ढासळत्या भिंतीवर चढलेले असतात, भाऊजी बुरुजावरून "ओऽऽऽ" करून आवाज परत येतो का ते तपासत असतात, काकाजी टाक्यात खडे टाकत असतात. आणि पोट्टं बिचारं बिस्किटाचा पुडा सांभाळत पायरीवर बसलेलं असतं. त्याला दम भरलेला असतो, "इथून हलायचं नाही, पडशील."

लहान मुलांना किल्ल्यावर करण्याजोगं काही नाही, अशी ओरड नेहमी ऐकू येते. खोटी आहे. करण्याजोगं पुष्कळ आहे. फक्त ते सगळं मोठ्यांनी आधीच अडवून ठेवलेलं असतं.

कटंगीकरांना एका दिवसात जाऊन येण्याजोगे तीन किल्ले आहेत. पूर्वेला आपल्याच बालाघाट जिल्ह्यातला लांजीचा, दक्षिणेला तुमसर तालुक्यातला आंबागड आणि रामटेकच्या अंगाला नगरधन. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, तेव्हा अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा थेट तामिळनाडूतला जिंजी निघाला. विषयच मराठ्यांच्या लढाऊ किल्ल्यांचा होता, त्यामुळे आपल्या तिघांचा नंबर लागला नाही याची तक्रार नाही. उलट बरंच झालं. नंबर लागला असता तर पार्किंग लागलं असतं.

खरं सांगायचं तर आमच्या भागात 'किल्ला पाहायला' म्हणून कोणी घराबाहेर पडतच नाही. माणसं महाशिवरात्रीला लांजीच्या कोटेश्वराला जातात आणि किल्ला जाताजाता पाहून होतो. तुमसरकडचे गायमुखच्या जत्रेला जातात, तिथून आंबागड दिसतो, "तो पाहा किल्ला" असं बोट दाखवून होतं आणि सगळे भज्यांच्या गाडीकडे वळतात. मुलांसाठी सोय किल्ल्याने नाही, जत्रेने केलेली असते: आकाशपाळणा, फुगे, शिट्ट्या, उसाचा रस. माझं तर स्पष्ट मत आहे की इतकी चांगली सोय कुठल्याही पर्यटन खात्याला जमलेली नाही. पण जत्रा वर्षातून एकदा. उरलेल्या दिवसांत किल्ला आणि पोट्टं समोरासमोर येतात तेव्हा मधे मोबाईल घेऊन बाप उभा असतो.

आता रीलचं बघा. पोट्ट्याला जिरेटोप घातलेला, पेन्सिलीने मिशी काढलेली, हातात प्लास्टिकची तलवार. उन्हात तिसऱ्यांदा तोच डायलॉग, कारण मागून कोणीतरी पाण्याची बाटली घेऊन फ्रेममध्ये शिरलं. महाराजांवरचं प्रेम मला मान्य आहे. पण ज्या आंबागडावर हे चाललंय तो इसवी सन 1700 च्या सुमाराला राजाखान पठाणाने बांधला, आणि हा राजाखान देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार होता. ज्याने नागपूर वसवलं तोच हा बख्त बुलंद. त्याचा पोशाख भाड्याच्या दुकानात मागून बघा. दुकानदार विचारेल, "कोणत्या सिरियलमधला?" पुढे गड नागपूरकर भोसल्यांकडे आला तेव्हा त्यांनी तिथे कैदी ठेवले. म्हणजे मिशीवाला छोटा मावळा जिथे उभा राहून गर्जना करतोय, तो मराठ्यांचा तुरुंग होता. हे बापाला ठाऊक नसतं. ठाऊक असतं तरी रीलमध्ये बसत नाही.

खरं तर पोरांना ऐकायचं असतं ते हेच. आंबागडची सांगितली जाणारी गोष्ट अशी, की तिथल्या कैद्यांना गडावरचं साचलेलं, विषारी पाणी प्यायला लावत आणि ते त्यानेच मरत. आठ वर्षांच्या मुलाला एवढं सांगा आणि गंमत पाहा. डोळे मोठे होतात, प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. कोणतं पाणी? कुठे? हेच का? किती प्यायचं? किती वेळाने मरायचं? एक जण पळाला असेल ना? कुठून पळाला असेल? दहा मिनिटांत ते पोरगं गडाची तटबंदी, दरवाजा, उतार, झाडी सगळं स्वतःहून पाहून येतं, कारण त्याला आता पळायची वाट शोधायची आहे. याहून चांगला उपक्रम कोणत्या शिबिरात मिळतो? पण आई म्हणते, "छे, असलं काही नसतं रे, तो पाहा कसा छान व्ह्यू." व्ह्यू! आठ वर्षांच्या माणसाला व्ह्यूशी काय देणं-घेणं? व्ह्यू हा गुडघे दुखायला लागल्यावरचा छंद आहे.

नगरधनचंही तसंच. किल्ला उभा आहे तो अलीकडचा, नागपूरकर भोसल्यांच्या काळातला, भुईकोट. आत जमिनीखाली उतरून देवीचं दर्शन घ्यायचं असतं, ते मुलांना आपोआप आवडतं. अंधार, पायऱ्या आणि थंडावा फुकटात मिळाल्यावर आणखी काय हवं! पण त्या गावाखाली दडलंय ते दीड हजार वर्षांहून जुनं आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं अभ्यासक मानतात. राजा रुद्रसेन दुसरा वारला तेव्हा राजपुत्र लहान होते, म्हणून त्यांची आई प्रभावतीगुप्त हिने कारभार हाती घेतला. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्राच्या पुरातत्त्व विभागाने गावात उत्खनन केलं तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, ब्राह्मी अक्षरं आणि सोबत शंखाचं चित्र.

आता यातलं मुलांनी काय करायचं? सरळ आहे. चिखल घ्यायचा, त्यावर आपल्या नावाचा ठसा उठवायचा, नावाशेजारी शंख नाहीतर बेडूक काढायचा आणि उन्हात वाळवायचा. खर्च शून्य. पण आपण काय करतो? पोराला फलकासमोर उभं करतो आणि म्हणतो, "वाच." फलकावर 'अभिलेखित मृण्मुद्रा' अशा थाटाची भाषा. पोरगं वाचतं, आपण "शाब्बास" म्हणतो, आणि इतिहासाचा तास संपतो. राजा लहान होता आणि राज्य आई चालवायची, हे त्याला कळलं असतं तर त्याने घरी आल्यावर निदान तेवढा तरी हक्क मागितला असता. कदाचित म्हणूनच सांगत नसावेत.

विलायतेत गेलेले आपले नातेवाईक फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतात. वॉरिक कॅसल. तिकडे मुलांना सरदाराचे कपडे, लाकडी तलवारी, ससाणे-गरुडांचे उड्डाणाचे खेळ आणि दगड भिरकावणारं लाकडी यंत्र. ते यंत्र अठरा मीटर उंच आहे म्हणे, जुन्या लढायांतल्या नमुन्यावर बांधलेलं. ग्रुपवर लगेच उसासे: "आपल्याकडे असं कधी होणार!" अहो, झालेलंच आहे. दगड आपल्याकडेही भिरकावतात, विनायंत्र, आणि भिरकावणारे चाळिशीचे असतात. पक्ष्यांच्या खेळांची जागा आपल्याकडे रामटेकच्या माकडांनी घेतली आहे. प्रसादाच्या पुडीवर त्यांची झडप पाहिलेल्या मुलाला ससाण्याचं काय कौतुक? फरक एकच. तिकडचा खेळ ठरलेल्या वेळेला असतो आणि पाहणारे रांगेत बसतात. रांगेत बसणं हा आपल्याकडे अजून सुरू न झालेला उपक्रम आहे.

पुण्या-मुंबईकडे निदान दिवाळीत किल्ला मुलांच्या ताब्यात असे. अंगणात माती, विटा, गोणपाट, हळीव पेरलेली हिरवळ, वर सिंहासन, खाली मातीचे मावळे. आमच्या बाजूला दिवाळी म्हणजे गोवर्धन आणि गायी, पण तो किल्ला आता मोबाईलमधून इथेही पोचलाय. आणि पोचला तो कोणाच्या हातात? स्पर्धा निघाली की बाप थर्माकोल कापतो, काका एलईडीची माळ सोडतो, भाचा कृत्रिम धबधब्याची मोटार जोडतो आणि पोरगं चिखल लागेल म्हणून दूर उभं. बक्षीस मात्र 'लहान गटात'.

नावं कोरण्याचा उद्योग तर विचारूच नका. बदाम, बाण, दोन अक्षरं आणि खाली तारीख. हे लहान मुलं करत नाहीत. त्यांच्याकडे खिळाही नसतो, प्रेयसीही नसते. केंद्राच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असा कायदा आहे. 1958 चा मूळ कायदा, 2010 ला शिक्षा वाढवली. ही ओळ निळ्या फलकावर छापलेली असते. बऱ्याच ठिकाणी बदाम त्या फलकावरही सापडतो.

केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने मात्र एक गोष्ट फार हुशारीने केली आहे. त्यांच्या स्मारकांवर पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. लोकांना वाटतं ही सवलत आहे. मला वाटतं ही खात्याची माणसांची पारख आहे. नुकसान कोणाकडून होतं हे त्यांनी बरोबर हेरलंय आणि पैसे त्यांच्याकडूनच घेतात. आता एक पाऊल पुढे टाकावं. सोबत मूल नसलेल्या प्रौढाला दरवाजातच थांबवावं. मूल असेल तर आत सोडावं, पण जबाबदारी मुलावर आणि गळ्यात शिट्टी. मामाजी भिंतीवर चढले की एक, भाऊजी खिळा काढताना दिसले की दोन, काकाजींचा खर्ऱ्याचा कागद तटावरून उडाला की लांब. तीनदा लांब वाजली तर सगळं कुटुंब परत गाडीत.

मामाजींना हे सांगून पाहिलं. म्हणाले, "काहून बापा, आम्ही काय लहान आहोत?"

तोच तर मुद्दा आहे. शिट्ट्या मी आणतो.