बैलाचा बोजारा आणि गाडीचं कव्हर

बुलढाणा जिल्ह्यात उभी मोटारसायकल आपणहून पडत नाही. तिला कोणीतरी पाडतं, आणि पाडणारा नेमका असा असतो की त्याला काही बोलता येत नाही. आमची स्प्लेंडर पोळ्याच्या संध्याकाळी बैलानं पाडली. तोरण तुटलं, डफडी वाजली, बाशिंगं बांधलेली जोडी औक्षणासाठी दाराशी आली. त्यातल्या एकाला गाडीत काय खुपलं कोण जाणे, त्यानं शिंग लावलं आणि गाडी उजव्या अंगावर, थेट ओट्याच्या दगडावर गेली. क्लच कव्हरला चीर पडली. ऑइल ठिबकायला लागलं.

एरवी मी बैलाच्या मालकाशी यथास्थित भांडलो असतो. पण पोळ्याला बैल देव असतो. बायकोनं त्याला ओवाळलं, पुरणपोळी भरवली आणि रिवाजाप्रमाणे मी मालकाच्या हातावर बोजारा ठेवला. आपलंच इंजिन फोडणाऱ्याला वर रोख बक्षीस देण्याचा मान विदर्भाबाहेर फारसा कोणाला मिळत नसावा.

दुसऱ्या दिवशी कर. करीला आमच्याकडे मटण शिजतं, आणि आमचा मेकॅनिक ते खायला सासुरवाडीला गेला तो तिकडचाच झाला. मग चिखलीहून नवं कव्हर, पॅकिंग आणि किक शाफ्टचं ऑइल सील आणलं आणि अंगणातल्या टिनाखाली काम काढलं. टिनाखाली यासाठी की गल्लीला कळू नये. व्यर्थ. स्प्लेंडर बाजारात आली १९९४ साली. ९७.२ सीसीच्या या गाडीवर आमच्या भागातल्या एका पिढीनं दुधाचे कॅन नेले, खताची पोती नेली आणि मुलगी पाहायलाही हीच नेली. तिच्या इंजिनाविषयी मत नसलेला माणूस आमच्या गल्लीत औषधालाही मिळायचा नाही.

खालचा बोल्ट काढून ऑइल घमेल्यात उतरवलं, तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. "बाप्पा, फेकजो नको ते. चौकटीले उधई लागली हाय." त्यांच्या मागोमाग बिजागरीवाले आले, पंपाच्या साखळीवाले आले. गाडी धड उघडलीही नव्हती, तर तिचं जळकं ऑइल वाटून संपलं होतं.

पायदान, ब्रेकचा पायटा, किक आणि क्लचची केबल सोडवली की कव्हरचे बोल्ट मोकळे होतात. सगळ्यांना पाना एकच, आठ नंबरचा. लांबी मात्र निरनिराळी. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो बसायच्या आधीच अडतो. आखूड बोल्ट लांबाच्या जागी गेला तर दोनच आट्यांवर उभा राहतो आणि आवळताना ॲल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. म्हणून जुने मेकॅनिक पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून एकेक बोल्ट त्याच्या जागी खोचतात. मी पुठ्ठा शोधायला आत गेलो. तेवढ्यात एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेल्या काकांनी कव्हर मधोमध ठेवून सगळे बोल्ट भोवती गोल मांडले.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते, तशीच ती मांडणी दिसत होती. तिकडे मातीच्या चार ढेकळांवर पाण्याची घागर ठेवतात, भोवती अठरा धान्यं मांडतात आणि पहाटे कोणतं धान्य कुठं सरकलं ते पाहून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. आमच्याकडे घागरीच्या जागी क्लच कव्हर होतं. पाऊस आला, लाइन गेली, मांडणी रात्रभर तशीच राहिली. कोंबड्यांनी पहाटे त्यातून एक फेरी मारली. काका सकाळी आले, वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "लंबा बोल्ट पूर्वेले गेला. पाऊस बरा हाय. गाडीचं मात्र काही खरं नाही."

बोल्ट असे मिसळले तरी उपाय सोपा आहे. कव्हर जागेवर धरून बोल्ट नुसत्या बोटानं आत ढकलायचे. सगळ्यांची डोकी सारखीच बाहेर राहिली की ज्याचा तो आपल्या घरी आला असं समजावं.

पण त्याआधी पॅकिंगवरून युद्ध झालं. आमच्या जिल्ह्यात तेरा तालुके. सहा घाटावर, सात घाटाखाली, आणि दोन्हीकडच्यांचं एकमत होणं कठीण. नांदुऱ्याहून आलेले साळे घाटाखालच्या उदारपणानं म्हणाले, "भाऊजी, ॲनाबाँड दाबून लावा." घाटावरच्या काकांचं म्हणणं, नवं पॅकिंग असताना कायले पाह्यजे? मी काकांच्या बाजूचा. जास्तीचं सीलंट आत ओघळतं, त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात आणि इंजिन तहानेलं राहतं. जुनं पॅकिंग ब्लेडनं हलक्या हातानं खरवडलं. साळे रुसले आणि चहा मागून घेतला.

मग कव्हर बसेना. कव्हर नेमकं जुळावं म्हणून दोन पोकळ डावेल पिना असतात, त्यातली एक बेपत्ता. अंगण झाडलं, घमेलं चाळलं, कोंबड्यांकडे संशयानं पाहिलं. शेवटी ती धाकट्याच्या मातीच्या बैलाच्या गळ्यात, दोऱ्यात ओवलेली सापडली. घुंगरू म्हणून. ती काढून घेताना त्यानं जो गळा काढला, त्यानं उरलेली गल्लीही जमा झाली.

बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. किक दात्यांवर पूर्वीच्याच खुणेला बसवली; एक दाता चुकला तरी ती पायदानावर आपटते. आणि किक बसलेली दिसताच टिनाखालून, ओट्यावरून, भिंतीवरून एकच आरोळी उठली: "मार किक!"

ऑइलचा ९०० मिलीचा डबा अजून सीलबंद माझ्या हातात होता.

तेव्हा कव्हर फुटलं तर खुशाल घरीच बदला. आटे सांभाळा, पिना मोजून ठेवा. ऑइल ओतून पट्टी पुसा, ती न आवळता नुसती टेकवून पातळी बघा, आणि मगच किक मारा. त्याआधी काका म्हणोत, साळे म्हणोत की सगळी गल्ली म्हणो, मारू नका.